सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही

सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण चालू होत नाही. जुन्या ट्रकचा हा बिघाड ओळखण्याची विद्या कारखान्याच्या माहितीपुस्तकात जेवढी घडली, त्याहून अधिक रस्त्याच्या कडेला घडली. भिवंडी तालुक्यातले कोन अशाच एका रस्त्यावर आहे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळचा पूल ओलांडला की उल्हास नदीच्या पलीकडच्या काठावर कोन लागते आणि तोच रस्ता पुढे रांजनोली नाक्याला मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच नदीच्या खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधली गेली. विसाव्या शतकात मालाची वाट पाण्यावरून डांबरावर आली. यंत्रमागांसाठी सूत आत येऊ लागले, कापड बाहेर जाऊ लागले. पुढे मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची जागा म्हणून भिवंडीभोवती गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात गेली. गोदामे मात्र राहिली, आणि ट्रकही.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावर बरेच ट्रक पेट्रोलचे होते. तेव्हा मिस्त्रीला दोनच प्रश्न पडत: पेट्रोल येते का, आणि करंट येतो का? प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचे आणि क्लीनरला हँडल मारायला सांगायचे. निळी ठिणगी उडाली तर दोष पेट्रोलकडे, नाही तर पॉइंट घासायला बसायचे.

डिझेलने यातला अर्धा प्रश्नच काढून टाकला. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनवायला सुरुवात केली. मद्रासला अशोक लेलँड उभी राहत होती, तर १९५१ मध्ये स्थापन झालेली मायको कंपनी बंगलोरला डिझेलचे पंप आणि नोजल बनवू लागली. टाटा-मर्सिडीजचा करार १९६९ मध्ये संपला, पण घडण तीच राहिली. या इंजिनात ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की आत फवारलेले डिझेल आपसूक पेटावे. सेल्फने इंजिन फिरवून दिले की पुढे विजेचे जवळपास कामच उरत नाही. म्हणून बिघाड डोळ्यांना दिसे, हाताला ओला लागे किंवा कानाला ऐकू येई. मीटर नसलेल्या मिस्त्रीचा दबदबा निर्माण झाला तो इंजिनाच्या या स्वभावामुळे.

पहिली तपासणी धुराची. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही: कंप्रेशन कमी आहे, टायमिंग मागे पडले आहे किंवा इंजिन फार गार आहे. या एका निरीक्षणाने निम्मी शोधाशोध वाचते. तरीही घाईत आधी पंप खोलणारे मिस्त्री कमी नव्हते.

धूर नसेल तर बहुतेक वेळा लाइनने हवा पकडलेली असते. टाकी पंपापेक्षा खाली असते आणि डिझेल ओढून वर आणले जाते. त्यामुळे सैल जोडातून डिझेल गळताना दिसत नाही, उलट हवा आत शिरते. हे नवशिक्याला लवकर उमगत नाही. तो ओल शोधत राहतो. हवा काढण्याची रीत ठरलेली: फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा आणि हातपंपाची मूठ खालीवर करायची. आधी पांढरट फेस बाहेर येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. मूठ चालू असतानाच बोल्ट आवळायचा. नंतर नोजलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. प्रत्येक पाइपातून डिझेल ठोके दिल्यासारखे उसळले तर पंप जिवंत आहे. हवा पुन्हापुन्हा शिरत असेल तर डिझेलचा कॅन वर टांगून त्याची नळी थेट पंपाला जोडतात. गाडी चालू झाली की दोष टाकी ते पंप या टप्प्यात आहे हे नक्की होते.

कोकणच्या पावसात टाकीत उतरणारे पाणी ही आणखी एक नेहमीची तक्रार. तळाचे बूच काढून काचेच्या बाटलीत डिझेल धरले की पाणी खाली वेगळे दिसते. आणि कधी कधी कारण अगदीच साधे असते: इंजिन बंद करायची दोरी ओढलेलीच राहिलेली असते, तिने पंपाचा दांडा डिझेल तोडण्याच्या जागी धरलेला असतो. तासाभराच्या खटपटीनंतर हे सापडले की क्लीनरची खैर नसे.

पांढऱ्या धुराच्या बाबतीत सुरुवातीच्या टाटा-मर्सिडीजचा हीटर प्लग आधी संशयित. हे प्लग एकाच साखळीत जोडलेले असत. जुन्या दिव्यांच्या माळेसारखा एक जळाला की सगळे गार, आणि त्याच साखळीतली डॅशबोर्डवरची खुणेची तार लाल होत नसे. मिस्त्री एकेका प्लगच्या टोकांवर पेचकस आडवा टेकवी. ज्याच्यावर टेकवल्यावर तार लाल होई, तो मेलेला. पुढच्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाऊ लागले आणि हा प्लग बहुतेक ठिकाणी गेला. त्यानंतर पांढरा धूर म्हणजे घासलेल्या रिंगा, न बसणारे व्हॉल्व्ह किंवा थकलेली बॅटरी. बॅटरी मंद असली तरी इंजिन फिरते, पण हवा तापण्याइतक्या वेगाने फिरत नाही.

पंपाच्या आतले काम मात्र रस्त्यावरचा मिस्त्री सहसा करत नसे. ते वेगळ्या कारागिराचे. त्याच्याकडे पंप बेंचवर चढवून प्रत्येक सिलिंडरचे डिझेल काचेच्या नळ्यांत मोजले जाई.

१ एप्रिल २०१७ रोजी भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली, आणि नव्या ट्रकांत डिझेल किती व केव्हा सोडायचे हे संगणक ठरवू लागला. क्रँकचा सेन्सर बंद पडला किंवा सगळ्या नोजलना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, पुरेसा दाब तयार झाला नाही, तर इंजिन फिरते पण संगणक नोजल उघडतच नाही. पाइप कोरडा नसतो, तरी धूर नसतो. तिथे आधी स्कॅनर लावावा लागतो. नट सैल करून डिझेल उसळते का ते पाहण्याची जुनी रीत इथे निषिद्ध आहे: त्या पाइपातला दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.