मर्म कुणाला सांगावे?

लोणावळा म्हटले की लोकांना चिक्की आठवते, फार तर भुशी धरण. मला मात्र बडोद्याचा एक आखाडा आठवतो. आता बडोद्याच्या आखाड्याचा इथे काय संबंध, असे तुम्ही विचाराल. सांगते.

१९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करणारे स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा हुशार मुलगा १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाला. जुम्मादादा हे माणिकरावांचे मुसलमान उस्ताद. शिष्याने आखाडा गुरूच्याच नावाने चालवला! तिथे कुस्ती, लाठी हे सगळे होतेच, पण माणिकरावांचे आणखी एक नाव होते, ते हाडे बसवणारे म्हणून.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. केरळात कळरीपयट्टू शिकवणारे गुरुक्कल असतात, तेही मार बसलेल्यावर उपचार करतात. मर्मांवर प्रहार कुठे आणि कसा करायचा हे तिथे अगदी शेवटी, तेही निवडक शिष्यालाच सांगण्याची रीत आहे. वर्षानुवर्षे त्याचा स्वभाव पाहिल्यावर. ज्याला दुखवता येते त्याला बरेही करता आले पाहिजे, असा तो हिशेब.

मर्मांची जुनी मोजदाद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहाव्या अध्यायात आहे. एकूण १०७. त्यातली ४४ हातापायांत, १२ पोट-छातीत, १४ पाठीत आणि ३७ मानेच्या वर, मानेसकट. घाव बसला तर लगेच प्राण घेणारी १९, काही काळाने घेणारी ३३, व्यंग आणणारी ४४... कोपराच्या मर्माला इजा झाली तर हात वाकडा होतो, गुडघ्याच्या मर्माला झाली तर माणूस लंगडा होतो, मानेतल्या नीला-मन्यांना झाली तर वाचा जाते किंवा आवाज बिघडतो. गंमत म्हणजे ही यादी मारणाऱ्यासाठी नाहीच. ती शल्यवैद्यासाठी आहे, शस्त्र चालवताना या जागा वाचवाव्यात म्हणून. आणि कैवल्यधामानेच छापलेल्या वसिष्ठसंहितेच्या योगकांडात अठरा मर्मस्थाने येतात, ती प्रत्याहारासाठी. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका जागी लक्ष न्यायचे. एकाच शब्दाचे असे तीन धंदे!

हे सगळे आठवायचे कारण घरातलेच. माझी पुतणनात तेरा वर्षांची. मावळातल्या एका शाळेत दोन दिवसांचे स्वसंरक्षण शिबिर झाले. शिकवणारा मुलगा विशीतला, पट्टेवाला. त्याने पस्तीस मुलींना मानेवरच्या, कानामागच्या 'नसा' दाखवल्या. कुठे दाबले की समोरचा कोसळतो, हे. घरी येऊन बाईंनी धाकट्या भावाची मान धरली. काही झाले नाही, पण त्याचा रंग उडालेला मी पाहिला.

मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आहेत, आणि तिथेच रक्तदाबावर नजर ठेवणारी एक जागा आहे. तिच्यावर दाब आला की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, माणसाला मूर्च्छा येऊ शकते. दाब चालू राहिला तर पुढचे सांगायला नको. हे त्या पट्टेवाल्याने सांगितले नव्हते. बेशुद्ध झालेल्याचे काय करायचे, हे तर नाहीच.

म्हणून मी विद्या कुलपात ठेवा म्हणणाऱ्यांतली नाही बरे का! कुवलयानंदांनी त्याच १९२४ साली 'योगमीमांसा' नावाचे त्रैमासिक काढले आणि ज्या क्रिया गुरूच्या कानगोष्टीत होत्या त्या क्ष-किरणाखाली, दाबमापकावर तपासून छापल्या. उड्डियान, नौली सगळे उघड्यावर. पण उघड करताना त्यांनी मोजले, आणि काय होते तेही लिहिले. आमच्या शिबिरात फक्त अर्धी गोष्ट उघड झाली.

माझ्या मुली लोणावळा-पुणे लोकलने कॉलेजला जात. त्यांना कुणाला कोसळवायचे नव्हते, सुटायचे होते. मनगट धरले तर समोरच्याचा अंगठा आणि बोटे जिथे भेटतात त्या फटीकडे मनगट वळवून हिसका द्यायचा, ओरडायचे आणि गर्दीकडे धावायचे. पुतणनातीला मी हेच करायला लावले, दहा वेळा, भावाचाच हात धरायला लावून. नवव्या वेळेला ती सुटली. मग भाऊ म्हणाला, आता माझी पाळी.