बार्शी लाइट आणि छायाचित्रांचे मैत्र

आपल्या शहराच्या स्थानकावर नॅरो गेजची गाडी कधी आली नाही. इथला मार्ग मीटर गेजचा. १९९० नंतरच्या दशकात तोही रुंद झाला. पण मराठवाड्याला अडीच फुटी रूळ अगदीच परके नव्हते. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातुरास पोहोचली होती.

ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला, १९०६ साली पंढरपूर जोडले गेले, १९२७ साली मिरज. हलके रूळ स्वस्त पडतात, पण त्यांवर जड इंजिन कसे चालावे? एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, असा दंडक कॅलथ्रॉपने घातला आणि इंजिनाचे वजन पुष्कळ चाकांवर वाटून दिले. म्हणूनच छायाचित्रकाराला हे इंजिन बाजूने हवे असे. समोरून धूर आणि दिवा दिसतो, युक्ती दिसत नाही.

आता मैत्रीकडे वळू. अशा मार्गावर गाड्या मोजक्याच. एक हुकली की दिवस गेला. त्यामुळे छंदिष्टांना एकाच झाडाखाली ताटकळावे लागे, एकाच पितळी डब्यातले खावे लागे. एकाने वळण धरायचे, दुसऱ्याने पूल. मग प्रतींची अदलाबदल. ड्रायव्हर-फायरमनशी गट्टी जमली तर पुलावर धूर सोडण्याची सोय होई, हेही सांगून टाकतो!

परदेशातही हेच. अमेरिकेत डेन्व्हरचा पोस्टमन ऑटो पेरी याने आगगाड्यांची सुमारे वीस हजार छायाचित्रे घेतली. त्याच्याबरोबर भटकणाऱ्या तरुणांत रिचर्ड किंडिग होता, पेरीहून वीस-बावीस वर्षांनी लहान. पर्वतातली रिओ ग्रँड सदर्न ही नॅरो गेज १९५१ साली बंद पडली. आज ती पाहावयाची तर अशाच मंडळींच्या चित्रांत. पेरीचा संग्रह डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. आपल्याकडे असे किती संग्रह सुरक्षित आहेत, हा प्रश्न मला सतावतो. विदर्भातल्या ‘शकुंतले’चे १९२१ सालचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावत होते, त्याची चित्रे घेणारी माणसे आपल्यातच आहेत. ती चित्रे मात्र ट्रंकांत पडून आहेत.

१९५४ साली बार्शी लाइट सरकारने घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने सारा मार्ग रुंद झाला. माझ्याजवळ कुर्डुवाडीचे एक जुने छायाचित्र आहे. त्याच्या पाठीवर दोन हस्ताक्षरे आहेत. एकाने ‘पहाटेची गाडी’ असे लिहिले. दुसऱ्याने ते खोडून ‘गाडी दुपारची, तू झोपला होतास’ असे लिहिले. सावली पाहता दुसराच बरोबर आहे. दोघेही आता हयात नाहीत.