किल्लारीचा भूकंप आणि ग्रामस्थांचा सहभाग

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे रयतेस खुली केली, ही कथा 'भक्तिविजया'च्या श्रवणाने आपणां सर्वांस परिचित आहे. ती कथा देणाऱ्याची आहे. ज्यांनी ते धान्य नेले त्यांनी पुढे संसार पुन्हा कसा उभा केला, हे सांगणे चरित्रकाराचे प्रयोजन नव्हे. परंतु संकटांचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्यास हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. त्याच्या उत्तरासाठी फार दूर जावयास नको. जो मुलूख एके काळी बिदरच्या सत्तेखाली व पुढे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्याच लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत १९९३ साली या प्रश्नाची कसोटी लागली.

अनंत चतुर्दशीस गणेशविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असता भूमी हादरली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. दख्खनचे पठार अचल, असा तज्ज्ञांचाही पूर्वापार समज असे. वास्तविक १९९२ सालीच किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसू लागले होते व त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एक मोठाही बसला होता. तथापि त्या सूचनेचा अर्थ वेळीच उमगला नाही. साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली.

इतका संहार कशाने झाला? येथील घरे दगडमातीची. भिंती दोन-अडीच हात जाड, वर लाकडी खणांवर मातीचे जड माळवद. भिंतीस आतून व बाहेरून दगडांचा थर रचावयाचा आणि मध्ये माती व चिपा भरावयाच्या, अशी रीत होती. दोन्ही थर एकमेकांस बांधून ठेवणारे आरपार दगड मात्र फारसे घालीत नसत. धक्का बसताच हे थर विलग होऊन निजलेल्यांवर कोसळले. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब-तुळया मात्र उभ्याच राहिल्या. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान्‌पिढ्यांची ती भिंतच घातक ठरली.

साहाय्याचा ओघ मोठा होता, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. सैन्य आले, डॉक्टर आले; देशभरातून अन्नवस्त्रांच्या मोटारी आल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. ज्ञानप्रबोधिनीने हराळी येथे शाळा काढली. ती भूकंपाच्या निमित्ताने आली व तेथेच स्थिरावली. अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने शासनाने पुनर्वसनाचा विस्तृत कार्यक्रम आखला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची ठरली.

या नव्या गावांविषयी माझे मत थोडे निराळे आहे. घरे भक्कम झाली, यात शंका नाही. परंतु आराखडे बहुधा शहरी डोळ्यांनी काढलेले होते. सरळ रुंद रस्ते, ओळीने एकसारखी घरे. जुन्या गल्लीतील शेजार तुटला, गुरे बांधावयास व कडबा रचावयास जागा अपुरी पडली, शेते लांब गेली. दाता उदार होता, पण विचारून देण्याची सवड त्यास नव्हती. 'दत्तक' या शब्दातच दोष असावा. दत्तक मुलास कोणी घराचा आराखडा विचारीत नाही!

याहून वेगळा प्रयोग झाला तो दुरुस्तीयोग्य घरांच्या बाबतीत. अशी गावे सुमारे अडीच हजार व घरे दोन लाखांच्या आसपास होती. इतक्या घरांवर देखरेख करण्यास अभियंते कोठून पुरणार? तेव्हा रक्कम हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच बँकखात्यात जमा करावयाची व बांधकाम त्यानेच करून घ्यावयाचे, असे ठरले. लोकांस हे समजावून देण्यासाठी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने बाराशे-तेराशे गावांत तेथल्याच स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. संस्कृतात 'संवाद' म्हणजे केवळ संभाषण नव्हे, मतैक्य असाही अर्थ होतो. ज्याने हे नाव योजले त्याच्या मनात तो होता की नाही, कोण जाणे.

या स्त्रिया प्रथम शिकल्या आणि मग घरोघर गेल्या. आरपार दगड कशासाठी, कोपरे कसे सांधावयाचे, दारांच्या वर सलग पट्टी घातल्याने चारी भिंती एकत्र कशा राहतात, हे त्या सांगू लागल्या. हप्ता अडला तर कचेरीत जाऊन विचारू लागल्या. महिला मंडळांच्या बैठकी जेथे नावापुरत्या होत, तेथे सिमेंट, वाळू व गवंड्याची मजुरी यांचे हिशेब होऊ लागले. सर्व काही तज्ज्ञांच्या मनासारखे झाले, असे मात्र नाही. जुनी भिंत मजबूत करून घ्या, असे ते सांगत. लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. पुष्कळांनी त्याच पैशांत शेजारी विटांची एक नवी खोली बांधली व तीत निजू लागले. शास्त्राने यास हट्ट म्हटले तरी चालेल. ज्याने ढिगाऱ्याखालून माणसे काढली त्याचा तो निर्णय होता.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील काही खेडवळ स्त्रिया, ज्यांतील बहुतेकींनी तोवर आपला जिल्हाही ओलांडला नसावा, तेथील स्त्रियांस आपला अनुभव सांगावयास कच्छला गेल्या. त्या प्रांतात बहुसंख्य घरमालकांनी शासनाकडून हप्त्यांनी मिळालेल्या रकमेवर, शक्यतो जुन्याच जागी, स्वतःच्या देखरेखीखाली आपली घरे बांधली.