हॉवर्डच्या डीनबाई

कॉलेजातला विद्यार्थी काही फक्त वर्गात शिकत नाही. तो वसतिगृहात राहतो, खाणावळीत जेवतो, आजारी पडतो, फीच्या काळजीने रात्र रात्र जागतो. या सगळ्याकडे पाहणारे कोणीतरी कॉलेजात असावे लागते. आपल्याकडे त्याला गृहपती म्हणतात, कुठे रेक्टर म्हणतात. बहुधा एखाद्या नव्या, तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात हे काम पडते. तोही म्हणतो, "चार वर्षे सांभाळू, मग जाईल दुसऱ्या कुणाकडे!" या कामाला वेगळी तयारी लागते, ते नेटाने शिकावे लागते, आणि आपली पुढची वाटचाल आखून त्यातही मोठे होता येते, हे सहसा आपल्या मनात येत नाही. म्हणून आज तुम्हांला एका बाईंची हकीकत सांगायची आहे. बाई अमेरिकेतल्या. त्यांचे नाव ल्यूसी डिग्ज स्लो.

त्यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातल्या बेरीव्हिल गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईबाप लहानपणीच गेले, आत्याने वाढवले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. बॉल्टिमोरच्या अशाच एका शाळेतून १९०४ साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आल्या. यादवी युद्धानंतर, गुलामगिरी संपल्यावर, १८६७ साली हे विद्यापीठ निघाले होते. १९०८ साली पदवी हाती पडली आणि बाई बॉल्टिमोरला परत जाऊन हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागल्या.

इथून पुढची त्यांची पावले जरा निरखून पाहा. नोकरी मिळाली म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की न्यूयॉर्क गाठायचे आणि कोलंबिया विद्यापीठात शिकायचे, असा त्यांचा क्रम होता. वर्षभर नोकरी आणि सुट्टीत विद्यार्थिदशा! असे करीत १९१५ साली त्यांनी एम. ए. पुरे केले. मग वॉशिंग्टनच्या एका हायस्कुलात त्या शिकवू लागल्या, आणि १९१९ साली तिथल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेल्या पहिल्या ज्युनिअर हायस्कुलाच्या प्राचार्या झाल्या. मधल्या काळात, १९१७ साली, त्यांनी कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत महिलांचे अजिंक्यपदही मिळवले. खेळाच्या मैदानावर मुली कशा वागतात, कशा हरतात, कशा जिंकतात, हे ज्याला स्वतः खेळून कळले आहे, त्याला विद्यार्थी समजून घेणे सोपे जाते, नाही का?

१९२२ साली हॉवर्ड विद्यापीठाने त्यांना विद्यार्थिनींच्या डीन म्हणून बोलावले. डीन म्हणजे विद्यार्थिनींच्या सगळ्या प्रश्नांची जबाबदारी घेणारी वरिष्ठ अधिकारी. या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. दुसरा कोणी असता तर हुरळून जाऊन लगेच "हो" म्हणाला असता. बाईंनी तसे केले नाही. त्यांनी आपल्या अटी आधी मांडल्या. मला प्राध्यापकाचा दर्जा हवा. कचेरीत कारकून हवा. विद्यार्थिनींविषयीचे धोरण माझ्या कचेरीतून ठरेल. आणि विद्यापीठाच्या आवारात राहण्याची सक्ती माझ्यावर नसेल. विद्यापीठाने अटी मान्य केल्या, तेव्हाच त्या रुजू झाल्या.

या अटींमागे अहंकार नव्हता. त्या काळी मुलींच्या डीनने मुलींवर पहारा ठेवावा, दिवे कधी मालवले हे पाहावे, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असे. स्लोबाईंचे म्हणणे वेगळे होते. मुलगी उद्या समाजात वावरणार, मत देणार, पोटापाण्याचा उद्योग करणार. तिला आपले निर्णय आपण घ्यायची सवय कॉलेजातच लागली पाहिजे. पहाऱ्यात वाढलेल्या मुलीला ती कशी लागावी? म्हणून डीन ही शिक्षणतज्ज्ञ असली पाहिजे, आणि तसा मान तिला असला पाहिजे. १९३१ साली आवारात मुलींसाठी नवी वसतिगृहे उभी राहिली, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता.

एकट्याने हे काम निभत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. अमेरिकेत विद्यार्थिनींच्या डीनांची राष्ट्रीय संघटना १९१६ सालीच स्थापन झाली होती. बाई तिच्या सभासद होत्या; पण अधिवेशन ज्या हॉटेलात भरे, तिथे काळ्या माणसाला बरोबरीने राहू-जेवू देतीलच असे नसे. मग बाईंनी काय केले? ती संघटना सोडली नाही, आणि १९२९ साली कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या डीनांना व सल्लागारांना हॉवर्डमध्ये एकत्र बोलावले. एकमेकींच्या अडचणी ऐकायच्या, उपाय सांगायचे, नव्या मुलीला हाताशी धरायचे. त्यातून त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली.

पण सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. वर्गात मुलींसमोर अशोभनीय बोलणाऱ्या एका प्राध्यापकाविषयी एका पालकाची तक्रार आली. बाईंनी ती दडपली नाही, आणि त्याचा रोष ओढवून घेतला. पगाराच्या बाबतीत त्यांना इतर डीनांच्या खाली ठेवण्यात आले. १९३३ साली विद्यापीठाने हुकूम काढला, की बाईंनी आवारात राहायला यावे. मुलांच्या डीनना हा नियम नव्हता! बाईंनी जुन्या कराराकडे बोट दाखवले आणि नकार दिला. माजी विद्यार्थिनी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. तंटा मिटला नाही, आणि १९३७ सालच्या ऑक्टोबरात बाई वारल्या, त्या डीनपदावर असतानाच.

मग या आखणीचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. करार कागदावर होता म्हणूनच भांडायला पायाखाली जमीन होती. शिक्षण होते म्हणून त्यांचे बोलणे कोणाला हसण्यावारी नेता आले नाही. आणि मैत्रिणींची संघटना होती म्हणून त्यांच्या पश्चातही ते काम चालू राहिले.

तरुण शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, उद्या तुमच्याकडे वसतिगृहाच्या किल्ल्या आल्या, तर त्या जरूर घ्या. मात्र घेण्यापूर्वी विचारा : मला अधिकार कोणते, मदतनीस कोण, मुलांसंबंधी निर्णय घेताना मला विचारणार की नाही? उत्तर लेखी मागा. येत्या सुट्टीत काय शिकायचे ते ठरवा. शेजारच्या गावच्या गृहपतीशी ओळख करून घ्या. आणि रात्री खोल्यांवरून फेरी मारताना दिवा कुणाचा जळतो आहे एवढेच पाहू नका. तो का जळतो आहे, हेही विचारा.