जपानमधील सायकल आणि पदपथ : एका तात्पुरत्या सवलतीचा इतिहास

जपानच्या संसदेने 1960 साली संमत केलेल्या आणि त्याच वर्षीच्या 20 डिसेंबरपासून अमलात आलेल्या रस्ता वाहतूक कायद्यात सायकलीची गणना ‘हलक्या वाहनां’त, म्हणजे इंजिनाविना माणसाच्या किंवा जनावराच्या बळावर चालणाऱ्या वाहनांत केलेली होती. हातगाडी, जनावरे जुंपलेली गाडी आणि सायकल या कायद्याच्या दृष्टीने एकाच वर्गातल्या होत्या; त्यांची जागा रस्त्याच्या डाव्या कडेला, गाड्यांच्या वाटेवर ठरलेली होती आणि पदपथ हा केवळ पायी चालणाऱ्यांचा होता. हे मूळ तत्त्व कायद्याच्या पुस्तकातून कधीही काढून टाकले गेले नाही. तरीही नंतरच्या अर्धशतकात जपानी शहरांतली सायकल मोठ्या प्रमाणावर पदपथावरूनच धावत राहिली, इतकी की सायकल रस्त्यावरून चालवायची असते हे नागरिकांना नव्याने सांगण्याची वेळ तिथल्या पोलिसांवर आली. लिखित नियम आणि रोजची वहिवाट यांच्यात एवढे अंतर कसे पडले, हे पाहू गेल्यास नियम मोडणाऱ्या नागरिकांपेक्षा नियम करणाऱ्यांनीच 1970 साली दिलेल्या एका सवलतीपाशी जाऊन पोहोचावे लागते.

सायकल आणि पदपथ यांचा तंटा मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. कार्ल ड्राइस याने 1817 साली जर्मनीतील मानहाइम येथे पायांनी जमीन रेटत चालवायचे दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले, तेव्हा चाकोऱ्यांनी खणलेल्या मातीच्या रस्त्यांवर ते तोलणे कठीण असल्याने स्वार फरसबंद पदपथाकडे वळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या शहराने पदपथावर यंत्राला बंदी केली. इंग्लंडमध्ये 1835 च्या महामार्ग कायद्याने पदपथावर घोडा, गुरे किंवा कोणत्याही प्रकारची गाडी नेणे हा दंडनीय गुन्हा ठरवला होता, परंतु सायकल ही ‘गाडी’ आहे काय हा प्रश्न न्यायालयांत रेंगाळत राहिला आणि 1888 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने ती गाडी असल्याचे स्पष्ट घोषित केल्यावरच तो मिटला. या घोषणेने सायकलस्वाराच्या पदरात दोन गोष्टी एकदमच पडल्या : पदपथाची बंदी पक्की झाली आणि रस्त्यावरचा हक्कही पक्का झाला. जपानच्या इतिहासात नेमकी हीच जोडी पुढे फुटली, म्हणून तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे.

जपानमध्ये सायकल मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतरच्या आधुनिकीकरणाच्या पर्वात आली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती व्यापाऱ्यांची, पोऱ्यांची आणि माल पोहोचवणाऱ्यांची गाडी झाली. तिच्यावर कर होता. महाराष्ट्रातील नगरपालिका सायकलकर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत असत, त्याच जातीची ही व्यवस्था होती. हा कर 1958 साली रद्द झाला. करपात्र वाहन म्हणून रस्त्यावर मान्यता असलेली सायकल अशा रीतीने सर्वसामान्य घरातली वस्तू बनत असतानाच रस्त्याचे स्वरूप मात्र झपाट्याने पालटत होते.

युद्धोत्तर औद्योगिक वाढीच्या वर्षांत ट्रक आणि मोटारींची संख्या ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने रस्ते रुंद झाले नाहीत आणि पदपथ तर कित्येक रस्त्यांना मुळातच नव्हते. रस्ते अपघातांतील वार्षिक मृत्यूंनी 1959 मध्ये दहा हजारांचा आकडा ओलांडला. दरवर्षी होणारी ही जीवितहानी 1894–95 च्या चीन-जपान युद्धातील जपानी बळींच्या तोडीची आहे, अशी तुलना होऊ लागली आणि वृत्तपत्रांनी या परिस्थितीला ‘वाहतूक युद्ध’ असे नाव दिले. 1970 साली मृतांची संख्या 16,765 झाली. जपानच्या इतिहासातील हा उच्चांक आहे. मरणाऱ्यांत पादचारी आणि सायकलस्वार यांचा वाटा मोठा होता, त्यांत शाळकरी मुले होती, आणि त्यामुळे सरकारवर तातडीने काही करण्याचा दबाव आला.

तातडीने करण्याजोगे दोन मार्ग समोर होते. एक म्हणजे सायकलीसाठी रस्त्यातच स्वतंत्र पट्टा राखणे; त्यासाठी 1970 मध्येच सायकलमार्ग बांधण्यासंबंधीचा वेगळा कायदा संमतही झाला, परंतु दाट वस्तीच्या शहरांत पट्ट्याला लागणारी जागा मोटारींकडून काढून घ्यावी लागणार होती आणि ते करण्याची राजकीय तयारी नव्हती. दुसरा मार्ग स्वस्त होता : सायकलस्वाराला मोटारींपासून उचलून पदपथावर नेणे. त्याच वर्षी रस्ता वाहतूक कायद्यात दुरुस्ती होऊन, प्रांतिक सार्वजनिक सुरक्षा आयोगाने ठरवून दिलेल्या पदपथांवर सायकल चालवण्यास मुभा देण्यात आली. जपानमध्ये 47 प्रांत असून प्रत्येकाचा असा आयोग असतो व प्रांताचे पोलीस दल त्याच्या देखरेखीखाली चालते. सायकलीवर डबलसीट कोणी बसावे, हातात छत्री धरावी की नाही, रात्री दिवा कसा असावा, असे बारीक नियमही हेच आयोग करतात. त्यामुळे कोणत्या गल्लीतल्या पदपथावर सायकल चालेल हा निर्णय स्थानिक झाला आणि मोटारींच्या वर्दळीला घाबरलेल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी तो सढळ हाताने सायकलीच्या बाजूने, म्हणजे खरे तर पदपथाच्या विरुद्ध दिला. निळ्या वर्तुळात मुलाचा हात धरलेला पादचारी आणि सायकल असे चित्र असलेल्या पाट्या शहरोशहरी उभ्या राहिल्या.

1978 च्या दुरुस्तीने या सवलतीला बारकाव्यांनी बांधले. लांबी 190 सेंटिमीटर आणि रुंदी 60 सेंटिमीटर यांच्या आत असलेली सायकल ‘साधारण सायकल’ ठरली आणि तिलाच पदपथावर प्रवेश राहिला. स्वाराने पदपथाच्या मधल्या भागापासून रस्त्याच्या बाजूकडचा भाग वापरावा, लगेच थांबता येईल इतक्या धिम्या गतीने जावे आणि पादचाऱ्याला अडथळा होणार असेल तर उतरावे किंवा थांबावे, असे बंधन आले. कायद्याची ही वाक्ये निर्दोष होती. त्यांची अंमलबजावणी मात्र जवळपास झाली नाही, कारण उल्लंघनाला दंडाची हलकी तरतूद नव्हती. थेट फौजदारी खटल्याचा मार्ग होता आणि भाजी घेऊन घरी निघालेल्या गृहिणीवर फौजदारी खटला भरण्यास कोणताही पोलीस धजत नव्हता. परिणामी तोंडी समज देण्यापलीकडे काही होईना आणि पाटी नसलेल्या पदपथावरही सायकल जाणे हे रूढ होऊन बसले.

रूढीने मग यंत्रालाच आपल्या मापाचे करून घेतले. ‘मामाचारी’ या बोलीतल्या नावाने ओळखली जाणारी, आईच्या रोजच्या फेऱ्यांची सायकल ही या काळाची खरी निर्मिती होय : स्कर्ट घालूनही चढता यावे म्हणून खाली वाकवलेली नळी, पुढे टोपली, हँडलला किंवा मागच्या कॅरियरला जोडलेली मुलाची बैठक, जड सांगाडा आणि पाय जमिनीला टेकतील इतकी खालची सीट. ही सायकल माणसांमधून वाट काढण्यासाठी उत्तम आणि मोटारींच्या शेजारून वेगाने जाण्यासाठी निरुपयोगी होती. पाळणाघर, बाजार आणि रेल्वेस्थानक या त्रिकोणातले शहरी जीवन तिने पेलले, लाखो स्त्रियांना मोटारीवाचून फिरता आले, आणि हा सामाजिक लाभ लहान मानण्याचे कारण नाही. परंतु त्याची किंमत पदपथावरच्या माणसाने मोजली. मागून येणाऱ्या घंटीने दचकून बाजूला होणे ही वृद्धांची सवय झाली, हातात काठी असलेल्या अंध व्यक्तीला तर कोणत्या बाजूला व्हावे हेही कळत नसे, आणि ज्या एका जागेवर चालणाऱ्याला निर्धास्त असण्याचा हक्क होता ती जागाच संशयाची झाली.

सायकलस्वाराची सुरक्षितताही वाटली तितकी वाढली नाही. पदपथावरून जाणारा स्वार झुडपे, विजेचे खांब आणि कडेला उभ्या केलेल्या गाड्या यांच्या आड राहतो. चौकात तो अचानक पुढे येतो आणि वळणाऱ्या मोटारचालकाला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय पदपथावर दोन्ही दिशांनी जाण्याची सवय लागल्याने तोच स्वार रस्त्यावर उतरल्यावरही उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर जाऊ लागला. रस्त्यावर सायकल नसल्यामुळे मोटारचालकांना तिच्यासोबत गाडी हाकण्याचा सराव उरला नाही, हा परिणाम सर्वांत दूरगामी ठरला. पुढे सायकल परत रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांची वाट त्यानेच सर्वाधिक अडवली.

लोकसंख्या म्हातारी होत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सायकल व पादचारी यांच्यातील नोंदलेले अपघात वाढत गेले, तेव्हा पोलीस प्रशासनाने धोरण बदलण्यास सुरुवात केली. 2007 मध्ये संमत होऊन 2008 च्या जूनमध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने पाटी नसलेल्या पदपथावर सायकल चालवण्याची मुभा तेरा वर्षांखालील मुले, सत्तर वर्षे व त्यापुढील वृद्ध, अपंग व्यक्ती आणि रस्त्याची स्थिती पाहता ज्यांना अन्य उपाय नाही असे स्वार, यांच्यापुरती शब्दबद्ध केली. याच सुमारास पुढे एक आणि मागे एक अशी दोन मुले घेऊन जाणाऱ्या आयांवर निर्बंध कडक करण्याचा विचार पुढे आला, त्याला मातांनी तीव्र विरोध केला, आणि अखेर मजबूत सांगाडा व ब्रेक यांच्या कसोटीला उतरणाऱ्या सायकलींवर तिघांनी जाण्यास 2009 च्या जुलैपासून प्रांतिक नियमांत मान्यता मिळाली. घरातल्या कामांचा भार कोणावर आहे याचा विचार न करता केलेला वाहतूक नियम टिकत नाही, हे या प्रसंगाने दाखवले.

मार्च 2011 च्या भूकंपानंतर टोकियोत कामावर सायकलीने जाणारे वाढले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय पोलीस संस्थेने सायकल हे वाहन असून तिची मूळ जागा रस्ता हीच आहे, असे सर्व प्रांतांना कळवले आणि अरुंद पदपथांवरची परवानगी नव्याने तपासण्यास सांगितले. त्यानंतर रस्त्याच्या डाव्या कडेला निळे पट्टे आणि बाणांच्या खुणा रंगवल्या जाऊ लागल्या. पट्टे रंगवणे सोपे होते, ते मोकळे ठेवणे अवघड; माल उतरवणाऱ्या गाड्या त्यांच्यावरच उभ्या राहत असल्याने स्वाराला भर रहदारीत शिरावे लागे किंवा पुन्हा पदपथ धरावा लागे. स्थानिक पातळीवर याहून परिणामकारक पाऊल ह्योगो प्रांताने टाकले. त्या प्रांतातील कोबे येथील न्यायालयाने 2013 मध्ये, एका शाळकरी मुलाच्या सायकलीची धडक बसून गंभीर जखमी झालेल्या वृद्धेच्या प्रकरणात मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर प्रांताने अध्यादेश काढून 2015 च्या ऑक्टोबरपासून सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला आणि देशात असे करणारा तो पहिला प्रांत ठरला. इतर अनेक प्रांतांनी हाच कित्ता गिरवला.

दंडाची जुनी उणीव दूर करणारी दुरुस्ती 2024 मध्ये संमत झाली आणि 1 एप्रिल 2026 ही तिच्या अंमलाची तारीख ठरली. मोटारचालकांना मिळणारी ‘निळी चिठ्ठी’, म्हणजे ठरावीक रक्कम भरून फौजदारी खटला टाळण्याची सोय, तिने सोळा वर्षे व त्यापुढील सायकलस्वारांना लागू केली. सायकल ओलांडून पुढे जाताना मोटारचालकाने पुरेसे अंतर ठेवावे, हे बंधनही त्याच दुरुस्तीने घातले. पदपथावरून बेकायदा सायकल चालवण्यासाठी 6,000 येन दंड निश्चित झाला, तेव्हा तरुण आई-वडिलांनी मुलांना घेऊन ट्रकांच्या शेजारून जायचे काय, असा प्रश्न विचारला गेला. त्यावर पोलीस संस्थेला असा खुलासा करावा लागला की, वेगाने जाऊन पादचाऱ्याला धोक्यात घालणे असा प्रकार नसेल, तर केवळ पदपथावरून गेल्याबद्दल प्रथम समज देण्याचेच धोरण राहील.

1970 च्या सवलतीला त्या वेळी विरोध करणे कोणालाही कठीण होते, कारण मुले मरत होती आणि पदपथ जवळ होता. दोष सवलतीत नव्हता. तिच्या आडोशाने रस्त्याची पुनर्विभागणी पाच दशके लांबणीवर टाकली गेली, हा खरा दोष होय, आणि त्याची जबाबदारी सायकलस्वारावर वा पादचाऱ्यावर नसून मोटारीला दिलेली जागा परत मागण्यास न धजलेल्या शासनावर आहे. ती जागा मिळेपर्यंत दंडाची चिठ्ठी पदपथ मोकळा करू शकणार नाही.