परत आलेल्या चेकची दुसरी फेरी

अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या दुकानांत एकेकाळी गल्ल्यामागच्या भिंतीवर न वटलेले चेक चिकटवलेले असत. देणेकऱ्याला चारचौघांत लाज वाटावी, हा हेतू. नाहीतर तोच कागद पुन्हा बँकेत भरायचा आणि वाट बघायची.

१९७२मध्ये कॅलिफोर्नियात बँकांची संगणकीय क्लिअरिंग व्यवस्था सुरू झाली; १९७४मध्ये अशा व्यवस्थांची 'नाचा' ही राष्ट्रीय संघटना आली. पुढे खात्यात पैसे नाहीत म्हणून परतलेला चेकही याच जाळ्यातून पुन्हा पाठवता येऊ लागला. अटी मोजक्या, पण चोख: रक्कम २,५०० डॉलरच्या आत, चेक १८० दिवसांच्या आतला, देणेकऱ्याला पूर्वसूचना, आणि कागदी धरून एकूण तीनच प्रयत्न.

खरी मेख चेक पुन्हा पाठवण्याच्या तारखेत होती. वसुली करणारे पगाराचा दिवस हेरत: महिन्याची पहिली, पंधरावी, नाहीतर शुक्रवार. टपालाच्या थैलीतून फिरणाऱ्या कागदाला हे कुठून जमणार?

सप्टेंबर २००१च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तर चेक वाहून नेणारी विमानंच थांबली आणि चेकचे गठ्ठे जागच्या जागी अडकले. अखेर २८ ऑक्टोबर २००४पासून चेकच्या प्रतिमेवरून काढलेल्या छापील प्रतीला मूळ चेकचा कायदेशीर दर्जा मिळाला.