न सुटणारा ब्रेक : डिस्क ब्रेकच्या इतिहासातील एक जुने दुखणे

१९४९ साली पॉवेल क्रॉस्ली या अमेरिकी उद्योजकाच्या कंपनीने आपल्या छोट्या मोटारींच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवले. रेडिओ आणि शीतकपाटे विकून नावारूपाला आलेल्या या उद्योजकाने मोठमोठ्या मोटार कंपन्यांना मागे टाकणारे पाऊल उचलले होते. गाड्या उत्तम थांबत. अडचण आली ती थांबल्यानंतर. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाई. त्या मिठाचे पाणी कॅलिपरमध्ये शिरून धातूचे क्षरण होई आणि ब्रेक अडकून बसत. अनेक मालकांनी डिस्क काढून जुन्या पद्धतीचे ड्रम बसवून घेतले. कंपनीनेही लवकरच माघार घेतली आणि १९५२ मध्ये मोटारनिर्मितीच थांबवली. डिस्क ब्रेकच्या इतिहासातील या पहिल्या मोठ्या अपयशाचे कारण ब्रेक न लागणे हे नव्हते, तर ब्रेक न सुटणे हे होते.

डिस्क ब्रेकची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये तिचे एकस्व घेतले. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी पकडायची, ही त्याची मूळ कल्पना आजही तशीच टिकून आहे. मात्र त्याच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासून असह्य कर्कश आवाज होई. १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूड याने ॲस्बेस्टॉसचे अस्तर वापरून तो आवाज आटोक्यात आणला. तरीही पुढील चार दशके रस्त्यांवर ड्रम ब्रेकचेच राज्य राहिले.

दरम्यान ब्रेकपर्यंत बल पोहोचवण्याची रीत पालटली. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा ब्लेझ पास्कलचा सतराव्या शतकातील सिद्धांत माल्कम लॉगहेड याने विसाव्या शतकात मोटारीत आणला. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवचलित ब्रेक होते. सळ्या आणि तारा यांच्या जागी आता नळ्या आणि द्रव आले. आरंभीच्या ब्रेक ऑइलमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे, कारण तेव्हाची सील नैसर्गिक रबराची होती आणि खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते. एरंडाच्या उत्पादनात आज भारत जगात अग्रेसर आहे आणि त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे.

डिस्क ब्रेकला खरी प्रतिष्ठा मिळाली ती शर्यतीच्या मैदानावर. १९५३ च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉप डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार सी-टाइप चालवून विजय मिळवला. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होता. या शर्यतीत ताशी शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. ड्रम तापला की प्रसरण पावून ब्रेक शूपासून दूर जातो आणि पकड ढिली होते. डिस्क तापली की तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या दिशेनेच सरकते. शिवाय ती उघड्या हवेत असल्याने लवकर निवते. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, सित्रोएनच्या डीएस या मोटारीला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक मिळाले आणि शर्यतीतील हे यंत्र रस्त्यावर उतरले.

परंतु क्रॉस्लीच्या गाड्यांनी दाखवून दिलेला प्रश्न सुटला नव्हता. त्याचे मूळ रचनेतच आहे. ड्रम ब्रेकमध्ये शू मागे ओढून घेण्यासाठी भक्कम स्प्रिंग असतात. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला सहसा अशी स्प्रिंग नसते. डनलॉपच्या आरंभीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेण्यासाठी खास पिनेची योजना होती. पुढे रूढ झालेली रचना अधिक साधी आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील खाचेत बसवलेले असते. पेडल दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो, पण सील त्याला धरून असल्याने थोडे वाकते. दाब गेला की ते आपल्या मूळ आकाराला येते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे खेचते. पॅड झिजला, तर पिस्टन सीलमधून किंचित घसरून पुढची जागा घेतो. म्हणजे गळती रोखणे, पिस्टन मागे घेणे आणि झीज भरून काढणे ही तिन्ही कामे एकच रबरी कडे करते.

हे कडे कितीही गुणी असले, तरी त्याचे बल फार थोडे असते. पिस्टनवर गंजाचे खवले आले, सीलची खाच क्षरणाच्या पुटाने भरली किंवा रबर जुने होऊन कडक झाले, तर ते पिस्टनला मागे आणू शकत नाही. पेडलचा दाब प्रचंड असल्याने पिस्टन पुढे मात्र जातो. लागतो पण सुटत नाही, अशी अवस्था येते ती यामुळे.

गंजाला लागणारे पाणी केवळ रस्त्यावरून येत नाही. नंतरच्या काळात आलेले ग्लायकॉल-ईथरवर्गीय ब्रेक ऑइल आर्द्रताशोषक असते. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळीच्या भिंतीतूनही ते हवेतील बाष्प शोषून घेत राहते. सित्रोएनने डीएसच्या द्रवचलित यंत्रणेतील आर्द्रताशोषक द्रव याच त्रासामुळे १९६० च्या दशकात बदलला. त्याऐवजी हिरव्या रंगाचे खनिज तेल आणले आणि त्यासोबत सीलही नव्या रबराची घेतली. १९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळालेल्या कॉर्व्हेटच्या बिडाच्या कॅलिपरांत आतून गंज धरू लागला, तेव्हा सिलिंडरमध्ये स्टेनलेस पोलादाची अस्तरे बसवण्याची रीत पडली. काही निर्मात्यांनी न गंजणारे फिनॉलिक प्लॅस्टिकचे पिस्टन वापरून पाहिले. त्यांतील आरंभीचे पिस्टन ओलाव्याने फुगून पुन्हा अडकू लागले.

अडकलेल्या ब्रेकचा धोका साध्या गणिताने लक्षात येतो. एक चाक केवळ १०० न्यूटन बलाने घासत आहे आणि गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे असे समजू. त्या चाकापाशी सतत २,००० वॅट उष्णता निर्माण होते. हे घरातील गीझर चाकाजवळ अखंड चालू ठेवण्यासारखे आहे. चालकाला मात्र इंधन थोडे जास्त लागते, एवढेच जाणवते. नव्या डॉट-३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. पास्कलचा नियम तोच राहतो, पण पेडलची सारी धाव बुडबुडे दाबण्यात खर्च होते आणि पेडल तळाला जाते. सुटत नसलेला ब्रेक अशा रीतीने, नेमका घाटाच्या उतारावर, लागेनासा होऊ शकतो.

भारतात या प्रश्नाला हवामानाची बाजू आहे. तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेने देशाचा क्षरण-नकाशा तयार केला आहे. मिठाळ वाऱ्याची किनारपट्टी आणि कोरडा अंतर्भाग यांत लोखंड गंजण्याचा वेग किती वेगळा असतो, हे त्यातून दिसते. आपल्याकडे बहुतेक रस्त्यांवर मीठ टाकत नाहीत, पण कोकणापासून कोरोमंडलपर्यंत ते हवेतून येते आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी ते साठवत राहते.

२०२१ नंतर देशात जुन्या वाहनांच्या तपासणीसाठी स्वयंचलित केंद्रांची व्यवस्था उभी राहू लागली आहे. तेथे फिरत्या रोलरवर चाके ठेवून डाव्या आणि उजव्या ब्रेकच्या बलातील फरक मोजला जातो. पंधरा वर्षांच्या गाडीचे अडकलेले कॅलिपर तेथे उघडे पडू शकते. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याला महत्त्व आहे. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापणे, गाडी एका बाजूला ओढणे, जळका वास येणे ही बाह्य लक्षणे झाली. पुढची परीक्षा भौतिकशास्त्राची आहे. गाडी घोडीवर भक्कम उचलून अडकलेल्या कॅलिपरचा ब्लीड निपल सैल करावा. थोडे ऑइल उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता. म्हणजे दोष आतून फुगलेल्या होज पाइपचा किंवा मास्टर सिलिंडरचा. चाक तरीही जाम राहिले, तर दोष यांत्रिक आहे : पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपर ज्यांवर सरकते त्या पिना सुकल्या आहेत. या तपासणीनंतर यंत्रणेतील हवा काढावीच लागते.

या दोन निदानांच्या खर्चात मोठे अंतर आहे. होज पाइप बदलून सुटणाऱ्या दोषासाठी पुष्कळदा संपूर्ण कॅलिपर बदलले जाते आणि दोष तसाच राहतो. उलट सुकलेल्या पिनांना खनिज तेलाचे साधे ग्रीस लावले, तर काही महिन्यांत त्यांची रबरी आवरणे फुगतात आणि कॅलिपर पुन्हा अडकते. तेथे रबराला मानवणारे सिलिकोन ग्रीसच लागते. साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, ही अनेक निर्मात्यांची सूचना त्यातील पाणी बाहेर काढण्यासाठीच असते. क्रॉस्लीच्या ग्राहकांना मिठाचे पाणी दिसत तरी होते. ऑइलमध्ये मुरलेले पाणी दिसत नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत शेवटी आठवते.